परमुलखातील कापडखरेदी आणि शिलाई : न दिसणाऱ्या गुणवत्तेचा विचार

(म्हैसूर रेशमाच्या उदाहरणासह)

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला,
• वस्तूच्या गुणवत्तेचे तीन प्रकार उदाहरणांसह सांगता येतील.
• माहितीच्या असममिततेमुळे ग्राहकाचे आणि प्रामाणिक उत्पादकाचे नुकसान कसे होते, हे स्पष्ट करता येईल.
• रेशमी कापडावरील खुणा नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे ओळखता येईल.
• प्रवासात कापड घ्यावे की शिवून घ्यावे, याचा निर्णय कारणांसह घेता येईल.

१. प्रास्ताविक

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यापासून निघालेली हत्तींची मिरवणूक सयाजीराव रस्त्यावरून सुमारे ५ किलोमीटर चालत बन्नीमंटपला पोहोचते. 'बन्नी' हे शमीचे कन्नड नाव. शमीपूजनाची ही जागा, म्हणून बन्नीमंटप. संध्याकाळी तेथील मैदानावर मशालींची कवायत होते आणि म्हैसूरचा दसरा संपतो. आपल्याकडे त्याच दिवशी आपण आपट्याचे पान हातात ठेवून 'सोने घ्या' म्हणतो. देणाऱ्यालाही ठाऊक असते की हे पान आहे आणि घेणाऱ्यालाही. दोघांची माहिती सारखी असल्यामुळे त्यात कोणी फसत नाही.

आता दुसऱ्या दिवशीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुम्ही शैक्षणिक सहलीला आला आहात. 'कमवा व शिका' योजनेतून साठवलेले पैसे खिशात आहेत आणि आईसाठी म्हैसूर सिल्कची साडी घ्यायची आहे. दुकानदार साडीचा काठ पुढे करून म्हणतो, 'शुद्ध रेशीम, सोन्याची जरी.' येथेही हातात सोने म्हणून काहीतरी ठेवले जात आहे. पण ते सोने आहे की पान, हे दुकानदाराला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. रात्री तुमची गाडी आहे. परत येऊन विचारणे शक्य नाही.

परमुलखातील खरेदीची खरी अडचण हीच आहे. गावातल्या दुकानात फसवणूक झाली तर दुसऱ्या दिवशी जाऊन जाब विचारता येतो आणि दुकानदारालाही तुमच्या येण्याजाण्याची भीड असते. प्रवासात ती भीड उरत नाही. तिची जागा कशाने भरून काढायची, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

२. विषय-विवेचन

२.१ गुणवत्तेचे तीन प्रकार

फिलिप नेल्सन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये वस्तूंच्या गुणांचे दोन प्रकार सांगितले. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्याची भर घातली.

(अ) शोध-गुण : खरेदीपूर्वी पाहून, हात लावून कळतात. साडीचा रंग, काठाची रुंदी, कापडाचा पोत, पन्हा, विणीतील दोष हे सर्व शोध-गुण होत. त्यासाठी लागतो तो थोडा वेळ आणि चांगला उजेड.

(आ) अनुभव-गुण : वापरल्यानंतरच कळतात. पहिल्या धुण्यात रंग जातो का, कापड आटते का, शिवलेला सदरा मुंढ्यात काचतो का, हे दुकानात कळत नाही.

(इ) विश्वास-गुण : वापरल्यानंतरही सामान्य ग्राहकाला नक्की कळत नाहीत. जरीत चांदी किती टक्के आहे, रेशमात कृत्रिम धागा मिसळला आहे का, हे साडी दहा वर्षे नेसूनही समजत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते.

एकाच वस्तूत तिन्ही गुण असू शकतात. रेशमी साडी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. म्हणून 'साडी चांगली आहे का?' असा एकच प्रश्न विचारून चालत नाही. कोणता गुण डोळ्यांनी पाहायचा, कोणता कागदावर लिहून घ्यायचा आणि कोणता प्रवासात विकतच घ्यायचा नाही, असे तीन प्रश्न करावे लागतात.

२.२ माहितीची असममितता आणि प्रामाणिक विणकराचे नुकसान

विक्रेत्याला वस्तूविषयी अधिक आणि ग्राहकाला कमी माहिती असणे याला माहितीची असममितता म्हणतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन या स्थितीचा परिणाम दाखवला. पुढे २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा युक्तिवाद आपण साडीला लावून पाहू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा, एका बाजारात निम्म्या साड्या शुद्ध रेशमाच्या आणि निम्म्या मिश्र धाग्याच्या आहेत. शुद्ध साडी तयार करायला १२,००० रुपये खर्च येतो, मिश्र साडीला ३,००० रुपये. ग्राहक शुद्ध साडीला १४,००० आणि मिश्र साडीला ४,००० रुपये द्यायला तयार आहे. मात्र त्याला फरक ओळखता येत नाही. मग तो काय करील? तो सरासरी काढील :

(१४,००० + ४,०००) ÷ २ = ९,००० रुपये

९,००० रुपयांत शुद्ध साडी विकली तर प्रत्येक नगामागे ३,००० रुपयांचा तोटा होतो. म्हणून शुद्ध साडी विकणारा बाजारातून बाहेर पडतो. मिश्र साडी विकणाऱ्याला मात्र ६,००० रुपये सुटतात. काही काळाने ग्राहकांच्याही लक्षात येते की येथे मिश्र साड्याच मिळतात, आणि भाव ४,००० वर येतो. म्हणजे शुद्ध साडीसाठी १४,००० रुपये मोजायला तयार असलेला ग्राहक आहे, १२,००० रुपयांत ती विणणारा विणकर आहे, तरीही दोघांची गाठ पडत नाही.

या उदाहरणातून एक गोष्ट लक्षात ठेवा. कापड पारखायला शिकणे हा केवळ आपले पैसे वाचवण्याचा प्रश्न नाही. पारख नसलेला ग्राहक नकळत खरे विणणाऱ्याच्या पोटावर पाय देतो. येवल्याच्या पैठणी विणकरालाही हीच अडचण आहे. पैठणीसारखी दिसणारी यंत्रमागावरची साडी शेजारच्या काचेत कितीतरी कमी किमतीला लावलेली असते, आणि महिनोन्महिने हातमागावर बसून विणलेल्या साडीची किंमत का जास्त, हे विणकराला प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगावे लागते.

२.३ म्हैसूर सिल्क : आपण नेमके काय विकत घेतो?

म्हैसूर संस्थानात रेशीम-उद्योगाची सुरुवात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिपू सुलतानाच्या काळात झाली. बंगालमधून रेशीमकिड्यांची पैदास येथे आणण्यात आली. पुढे १९१२ मध्ये नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत म्हैसूर शहरात रेशीम विणण्याचा कारखाना सुरू झाला. त्यासाठी स्वित्झर्लंडहून माग आणले होते. स्वातंत्र्यानंतर हा कारखाना राज्य सरकारकडे आला आणि १९८० पासून कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळ तो चालवते. शहरातील मानंदवाडी रस्त्यावर तो आजही चालू आहे. 'म्हैसूर सिल्क' या नावाची भौगोलिक मानांकनाची नोंदणी याच महामंडळाच्या नावे आहे.

येथे एक मुद्दा विद्यार्थ्यांच्या हमखास सुटतो. महामंडळाची म्हैसूर सिल्क साडी यंत्रमागावर विणली जाते. तिची ख्याती हातविणीसाठी नाही. शुद्ध रेशमी धागा, क्रेप पोत आणि जरी यांसाठी तिचे नाव आहे. म्हणून कोणी 'हातमागाची अस्सल म्हैसूर सिल्क' असे कौतुकाने सांगू लागला, तर त्याला पुढचे प्रश्न विचारा.

क्रेप पोत कसा तयार होतो, ते समजून घेऊ. रेशीमकिड्याच्या कोशातून निघालेल्या धाग्यावर सेरिसिन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. कच्च्या रेशमाच्या वजनात त्याचा वाटा साधारण २० ते २५ टक्के असतो. क्रेपसाठी आडव्या धाग्याला भरपूर पीळ देतात, काही धाग्यांना उजवा आणि काहींना डावा. विणून झाल्यावर कापड साबणाच्या पाण्यात उकळतात. डिंक निघून गेला की पिळलेले धागे मोकळे होऊन आखडतात आणि कापडाला बारीक दाणेदार पोत येतो. त्यामुळे ही साडी कडक उभी राहत नाही, अंगावरून सहज पडते. कांजीवरमसारखा भरीव ताठपणा किंवा पैठणीसारखा भरलेला पदर तिच्यात शोधू नये.

जरीविषयी महामंडळ सांगते ते प्रमाण चांदी ६५ टक्के आणि सोने ०.६५ टक्के असे आहे. म्हणजे 'सोन्याची जरी' हा शब्दप्रयोग खोटा नाही, पण १०० ग्रॅम जरीत सोने एक ग्रॅमपेक्षाही कमी आहे. उरलेली चमक चांदीवरच्या सोनेरी मुलाम्याची असते. हे प्रमाण माहीत असले की 'जरीच विकली तरी पैसे वसूल' अशा बोलण्याला तुम्ही भुलणार नाही.

२.४ खूण काय सांगते आणि काय सांगत नाही

विश्वास-गुण ग्राहकाला स्वतः तपासता येत नाही. म्हणून ते काम तिऱ्हाईत संस्था करते आणि वस्तूवर खूण लावते. कापडखरेदीत पुढील खुणा महत्त्वाच्या आहेत.

सिल्क मार्क : केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सुरू झाली. कापडातील रेशीम नैसर्गिक व शुद्ध आहे, एवढेच ती सांगते. जरी, रंगाचा पक्केपणा, हातमाग की यंत्रमाग, किंमत वाजवी आहे की नाही, यांबद्दल ती काही सांगत नाही.

हातमाग खूण : २००६ पासून आहे. कापड हातमागावर विणलेले आहे, हे ती सांगते. धागा रेशमाचा आहे की सुताचा, हे त्यावरून ठरत नाही.

भौगोलिक मानांकन : १९९९ च्या अधिनियमानुसार मिळते. विशिष्ट प्रदेशाशी आणि पद्धतीशी जोडलेले नाव कोणी वापरावे, हे ते ठरवते. पैठणी आणि सोलापुरी चादर यांनाही ते मिळालेले आहे.

उत्पादकाची स्वतःची खूण : म्हैसूरच्या महामंडळाच्या साडीवर विशिष्ट क्रमांक भरतकामाने टाकलेला असतो, होलोग्रामही असतो. क्रमांक आणि बिल एकमेकांशी जुळवून पाहावे.

खुणा समजून घेताना एक सोपा नियम ठेवा : खूण ज्या प्रश्नाचे उत्तर देते तोच प्रश्न तिला विचारावा. सिल्क मार्क पाहून जरी शुद्ध मानणे, ही चूक खुणेची नाही, वाचणाऱ्याची आहे.

काही शब्द खुणेसारखे दिसतात, पण खुणा नसतात. 'आर्ट सिल्क' हा त्यांतील सर्वांत फसवा. यातील 'आर्ट'चा कलेशी काही संबंध नाही. कृत्रिम रेशमाचे ते इंग्रजी नाव आखूड केलेले आहे, आणि त्यात बहुधा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर असते. 'सेमी सिल्क', 'सेमी पैठणी', 'टेस्टेड जरी' हे शब्दही असेच आहेत. टेस्टेड म्हणजे तपासून घेतलेली असे वाटते, पण बाजारात तो शब्द नकली जरीसाठी वापरतात. तिच्यात बहुधा तांब्याची तार असते. या वस्तू वाईट असतात असे नाही. रोज नेसायला, नाचाच्या कार्यक्रमाला त्या सोयीच्या आणि स्वस्त पडतात. शुद्ध रेशमाच्या भावाने घेतल्या तरच नुकसान होते.

२.५ दुकानात स्वतः करता येण्याजोग्या तपासण्या

१) उजेड : दिव्यांखाली रंग बदलतो. कापड दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पाहा. पूर्ण घडी उलगडा. विणीतील दोष बहुधा आतल्या घडीत सापडतात.

२) उलटी बाजू : हातमागावरील अस्सल पैठणीची नक्षी उलट बाजूनेही जवळजवळ सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले, तर ती त्या पद्धतीने विणलेली नाही.

३) वजन : दुकानात काटा असतोच. समजा, साडी ५.५ मीटर लांब आणि १.१५ मीटर रुंद आहे. क्षेत्रफळ झाले ६.३ चौरस मीटर. कापडाचे वजन दर चौरस मीटरला ८० ग्रॅम असेल, तर साडी सुमारे ५०० ग्रॅम भरेल. वजनावरून रेशीम शुद्ध आहे की नाही ते कळत नाही. मात्र दोन शुद्ध साड्यांच्या किमतींतील फरक वजनाशी जुळतो का, हे कळते. पातळ आणि भरीव साडीला एकच भाव सांगितला, तर कारण विचारा.

४) ताणा आणि बाणा वेगवेगळा पाहणे : ताणा म्हणजे उभे धागे, बाणा म्हणजे आडवे. मिश्र कापडात बहुधा एका दिशेचा धागा रेशमाचा आणि दुसऱ्या दिशेचा कृत्रिम असतो. एकाच दिशेचा धागा तपासून निष्कर्ष काढू नये.

५) जाळून पाहणे : पदराच्या दशांतील सुटा धागा दुकानदाराच्या परवानगीने जाळून पाहतात. रेशीम हळू जळते, ज्योत काढली की विझते, केस जळल्यासारखा वास येतो आणि काळी राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची टणक गाठ होते. सूत आणि व्हिस्कोस कागदासारखे भराभर जळतात. या तपासणीलाही मर्यादा आहेत. लोकरीलाही केसांसारखाच वास येतो, आणि थोड्या प्रमाणातील मिश्रण यातून कळत नाही.

६) मोजमाप : तागा मोजताना मीटरपट्टीकडे लक्ष द्या. बोलण्यात अजून 'वार' चालतो. १ वार म्हणजे ०.९१४ मीटर. ५ मीटर समजून ५ वार कापड घेतले, तर सुमारे ४३ सेंटिमीटर कमी मिळते. तेवढ्यात सदऱ्याची बाही जाते. पन्हाही विचारा. पूर्ण बाहीच्या सदऱ्याला ५८ इंची पन्ह्याचे साधारण १.६ मीटर कापड पुरते, पण ३६ इंची पन्ह्याचे सव्वादोन मीटर लागते. म्हणून मीटरचा भाव पाहून स्वस्त-महाग ठरवू नका. एका सदऱ्याला किती पडते, ते काढा.

भाषेची अडचण वाटत असेल तर थोडे कन्नड शब्द उपयोगी पडतात. 'रेश्मे' म्हणजे रेशीम, 'बट्टे' म्हणजे कापड, 'अळते' म्हणजे माप आणि 'एष्टु' म्हणजे किती. ग्राहक दोन शब्द का होईना त्यांच्या भाषेत बोलला, तर पुढचे संभाषण सोपे जाते.

दुकानापर्यंत तुम्ही कसे पोहोचलात, हेही तपासा. पर्यटनाच्या कोणत्याही शहरात वाहनचालक किंवा वाटाड्या 'ओळखीच्या' दुकानात नेतो. त्याला मिळणारी दलाली वस्तूच्या किमतीतूनच निघते. शिवाय तेथे तुमचा वेळ कमी आणि भीड जास्त असते. दुकान आधी स्वतः ठरवावे आणि शक्य तर पायी जावे.

२.६ शिलाई : ही वेगळ्या जातीची खरेदी आहे

आतापर्यंत आपण कापडाचा विचार केला. कापडाची गुणवत्ता ते ताग्यातून कापण्यापूर्वीच ठरलेली असते. तुम्ही ते घरी नेल्याने त्यात बदल होत नाही. शिलाईचे तसे नाही. पैसे ठरवता तेव्हा ती वस्तू अस्तित्वातच नसते. माप घेणे, बेतणे, कच्ची शिलाई, ट्रायल, दुरुस्ती अशा टप्प्यांतून ती तयार होते, आणि त्यांतील निदान दोन टप्प्यांना तुम्ही स्वतः हजर असावे लागते. माप कितीही काळजीपूर्वक घेतले तरी एका खांद्याचा उतार, पाठीचा बाक, बसल्यावर पडणारा ताण हे कपडा अंगावर चढल्यावरच दिसते. शिलाई हा प्रामुख्याने अनुभव-गुण आहे.

यावरून या घटकाचा मुख्य निष्कर्ष निघतो : प्रवासात कापड घ्यावे आणि शिलाई घरच्या शिंप्याकडे करावी. तुमच्या गल्लीतला टेलर म्हैसूरच्या किंवा बँकॉकच्या टेलरपेक्षा अधिक कुशल असेलच असे नाही. पण तुम्ही त्याच्याकडे तीनदा जाऊ शकता. आणि तुम्ही पुन्हा येणार आहात, हे त्यालाही ठाऊक असते.

मुक्काम मोठा असेल तर प्रवासातही शिवून घेता येते. त्यासाठी पुढील क्रम ठेवा.

पहिला दिवस, सकाळी : माप द्या. अंगाला नीट बसणारा स्वतःचा एक कपडा मापाला द्या. आपल्या घरी ब्लाऊज मापाला देतात, तीच पद्धत येथे उपयोगी आहे. भाषा वेगळी असली तरी तो कपडा सर्व काही सांगतो.

दुसरा दिवस, संध्याकाळी : ट्रायल. हात वर करा, पुढे वाका, खाली बसा. आरशासमोर नुसते सरळ उभे राहून बाही आणि पाठ कळत नाही.

तिसरा दिवस : दुरुस्ती आणि दुसरी ट्रायल.

चौथा दिवस : निघणे.

दोन ट्रायल बसत नसतील तर शिवायला टाकू नका. टाकलेच, तर आत भरपूर माया ठेवायला सांगा. शिवणीच्या आत मुद्दाम सोडलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणतात. माया असेल तर घरचा शिंपी कपडा उसवून सैल करू शकतो. माया कापून टाकली असेल तर कोणीच काही करू शकत नाही. उरलेले कापड आणि एखाददोन जादा बटणे मागून घ्या.

सुती कापड शिवण्यापूर्वी भिजवून आटवणे आवश्यक असते. समजा, कापड ५ टक्के आटते. ७५ सेंटिमीटर लांबीचा सदरा पहिल्या धुण्यात सुमारे पावणेचार सेंटिमीटर आखूड होईल. एका रात्रीत शिवून देणाऱ्याकडे कापड भिजवून वाळवायला वेळ कोठून असणार? तुमच्यासमोर घाईचे परिणाम येतात ते घरी गेल्यावर.

२.७ बिल : तोंडी शब्द कागदावर आणणे

प्रास्ताविकातील दुकानदाराकडे परत जाऊ. त्याने 'शुद्ध रेशीम' म्हटले आहे. आता तुम्ही त्याला शांतपणे म्हणा, 'भाऊ, बिलावर शुद्ध रेशीम असे लिहून द्या. जरी कोणती, तेही लिहा.' जो खरे सांगतो त्याला हे लिहायला काहीच खर्च येत नाही. जो खोटे सांगतो त्याला मात्र ते महागात पडू शकते, कारण तो कागद त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. म्हणून लिहून देण्याची तयारी किंवा टाळाटाळ हीच एक माहिती आहे. अर्थशास्त्रात अशा कृतीला संकेत म्हणतात. धागा जाळण्यापेक्षा ही तपासणी सोपी आहे, आणि तिने कापडालाही इजा होत नाही. 'कच्च्या बिलात स्वस्त देतो' हा प्रस्ताव स्वीकारणे म्हणजे थोड्या पैशांसाठी हा पुरावा विकणे होय.

बिलावर दुकानाचे नाव व पत्ता, जीएसटी क्रमांक, तारीख, वस्तूचे स्पष्ट वर्णन, लांबी, किंमत आणि वस्तूवर क्रमांक असल्यास तो, इतके असावे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील पुढील तरतुदी प्रवासी ग्राहकाच्या विशेष उपयोगाच्या आहेत.
• तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. म्हैसूरला घेतलेल्या साडीची तक्रार नांदेडला करता येते.
• तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत ती करावी लागते.
• ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही.
• बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू पडत नाही.
• प्राथमिक मदतीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ हा आहे.

२.८ देशाबाहेर खरेदी करताना

व्हिएतनाममधील होई आन, बँकॉक, हाँगकाँग ही शहरे झटपट शिलाईसाठी प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहेत. चोवीस तासांत सूट शिवून देण्याच्या पाट्या तेथे दिसतात. याउलट लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील जुन्या पेढ्यांत एका सुटासाठी अनेक ट्रायल होतात आणि काम कित्येक आठवडे चालते. दोन्हीकडचे कारागीर कुशल असू शकतात. ट्रायलची संख्या मात्र वेगळी असते. सुटाच्या कोटात छातीच्या आत अस्तराखाली कॅनव्हास हाताने टाचला आहे की बकरम इस्त्रीने चिकटवले आहे, हे बाहेरून कळत नाही. चिकटवलेले बकरम हलक्या प्रतीचे असेल तर काही धुलायांनंतर कापडावर फुगे येतात, तोपर्यंत तुम्ही हजारो किलोमीटर दूर आलेले असता.

देशाबाहेर २.७ मधील कायद्याचा आधार आपल्याजवळ राहत नाही. त्यामुळे तेथे हा नियम अधिक कडकपणे पाळावा : डोळ्यांनी पाहता येते ते घ्यावे, खूण असेल त्याच विश्वास-गुणाचे पैसे मोजावे आणि वेळ नसेल तर शिवायला टाकू नये.

३. सारांश

कापडाचे काही गुण दिसतात, काही वापरल्यावर कळतात आणि काही कधीच आपल्याला स्वतःला कळत नाहीत. दिसणारे गुण उजेडात, वजनाने आणि मोजून तपासावेत. न कळणाऱ्या गुणांसाठी योग्य ती खूण पाहावी आणि दुकानदाराचा शब्द बिलावर लिहून घ्यावा. वापरल्यावर कळणाऱ्या गुणांसाठी, विशेषतः शिलाईसाठी, पुन्हा जाता येईल असा कारागीर निवडावा. खूण नसेल आणि लिहूनही मिळत नसेल, तर साडी आवडली असली तरी मिश्र कापडाचाच भाव द्यावा. पारखून घेणारा ग्राहक आईला खरी साडी नेऊन देतोच, शिवाय खरे विणणाऱ्यालाही बाजारात टिकून राहायला मदत करतो.

४. पारिभाषिक शब्द

माहितीची असममितता : व्यवहारातील एका पक्षाला दुसऱ्यापेक्षा अधिक माहिती असणे.
विश्वास-गुण : वापरानंतरही सामान्य ग्राहकाला पडताळता न येणारा गुण.
ताणा-बाणा : कापडातील उभे आणि आडवे धागे.
पन्हा : कापडाची रुंदी.
माया : शिवणीच्या आत सोडलेले जादा कापड.
सेरिसिन : कच्च्या रेशमावरील डिंकासारखा पदार्थ.

५. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१) 'आर्ट सिल्क' म्हणजे काय?
२) सिल्क मार्क जरीच्या शुद्धतेची हमी देते का?
३) शिलाई हा प्रामुख्याने कोणत्या प्रकारचा गुण आहे?

(आ) सविस्तर उत्तरे लिहा.
१) २.२ मधील उदाहरणात बाजारातील शुद्ध साड्यांचे प्रमाण निम्म्याऐवजी ९० टक्के आहे असे माना. शुद्ध साडी विकणारा बाजारात टिकेल का? आकडेमोड करून सांगा.
२) तुमच्या गावातील कापड दुकानात जाऊन तीन वस्तूंवरील खुणा व लेबले वाचा. प्रत्येक खूण कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणत्या प्रश्नाचे देत नाही, याचा तक्ता करा.

(अ) ची उत्तरे : १) कृत्रिम धाग्याचे, बहुधा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टरचे, रेशमासारखे दिसणारे कापड. २) नाही. ३) अनुभव-गुण.

(आ) १ साठी सूचना : आधी ग्राहक देऊ करील ती नवी सरासरी किंमत काढा आणि तिची शुद्ध साडीच्या १२,००० रुपये खर्चाशी तुलना करा.